दारची डहाळी

मोबाइलच्या नकाशात उंबरवाडी नाही. बोटांनी ताणून ताणून पडदा फाटायची वेळ आली तरी तिथं नुसता हिरवा डाग दिसतो. त्या डागात भागू राहते. तिचं कौलारू घर आहे, दोन भातखाचरं आहेत, दारात उंबर आहे. शेळीही होती, ती गेल्या पावसात बिबट्यानं नेली. डागाला त्याचं काय. आणि ओरडायचं तरी कुणाच्या नावानं? ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं ते गावच धरणाच्या तळाशी गेलंय. आख्खं गाव गिळून ज्यांना ढेकर आला नाही, त्यांच्यापुढं एका वाडीचं गाऱ्हाणं कोण मांडणार?

भागूला नकाशाचं तसं काही पडलेलं नव्हतं. तिला वाडीच्या माथ्यावरची खिंड ठाऊक होती आणि खिंडीतला पाल्यादेव ठाऊक होता. देव म्हणजे काय, दगडांचा ढीग आणि त्यावर झाडपाला. खिंडीत येणाऱ्यानं आपल्या दारच्या झाडाची डहाळी आणायची, ढिगावर ठेवायची आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक धोंडा ठेवायचा. डहाळी दारचीच पाहिजे. खिंडीतल्या झाडाला हात लावायचा नाही, ते देवाचं. मागून येणारा माणूस ढिगाकडं एक नजर टाकायचा आणि त्याला सगळं कळायचं. उंबराची डहाळी म्हणजे उंबरवाडीचं माणूस. हिरड्याची म्हणजे डोंगरापलीकडच्या हिरडवाडीचं. पानं टवटवीत असली तर आत्ताच गेलंय, हाक मारली तर थांबेल. पानं वळली असली तर कालचं. एवढंच सांगायला आता आभाळात उपग्रह सोडावे लागतात.

आणि कोणी कायमचं निघालं, घराला कुलूप लावून, तर त्याची खूण वेगळी. डहाळी उलटी खोचायची, पानं दगडात आणि बुडखा वर. बुडख्याला अंगावरच्या कापडाची चिंधी बांधायची. बुडखा ज्या दिशेला झुकवला त्या दिशेला माणूस गेलं. शाळा बंद झाली तेव्हापासून उंबरवाडीची घरं अशीच एकेक करून निघाली. भागू वर गेली की एखादी उलटी डहाळी दिसायची. चिंधी बघून ती ओळखायची, हे दादाभाऊचं धोतर, हे भगवंताच्या बायकोचं लुगडं. शेवटी खोचायला कोणी उरलं नाही. भागू तेवढी राहिली.

ती राहिली ती सोनीबाईमुळं.

सोनीबाई तिची धाकटी बहीण. दोघींचं माहेर तळेघरच्या अंगाला. थोरली उंबरवाडीत दिली आणि धाकटी हिरडवाडीत. मध्ये एक डोंगर. पण डोंगराच्या कण्यावरून कोणीतरी कागदावर रेघ ओढली होती, अलीकडं आंबेगाव आणि पलीकडं जुन्नर. गाडीनं एका बहिणीला दुसरीकडं जायचं तर खाली घोडेगावला उतरा, मग जुन्नरला वळसा घाला, मग पुन्हा घाट चढा, एसटी मिळाली तर मिळाली, सगळा दिवस त्यातच. पायानं सकाळची भाकर खाऊन निघालं तर दुपारची बहिणीच्या चुलीपाशी. म्हणून दोघींनी रेघेकडं जन्मभर ढुंकून पाहिलं नाही.

मग गुडघे गेले. दोघींचेही. चढ कसाबसा जमायचा, उतार मात्र जीव घ्यायचा. मग आपापल्या बाजूनं खिंडीपर्यंत यायचं, अवसेला पाल्यादेवापाशी बसायचं, तंबाखू मळायची, सुनांच्या चहाड्या करायच्या आणि आल्या वाटेनं परत. पुढं अवसेचाही मेळ बसेना. एकीला बरं असलं की दुसरीचा ताप. तेव्हा डहाळीच राहिली. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी चढायचं, आपली ठेवायची आणि बहिणीची बघायची. हिरड्याची ताजी डहाळी दिसली की भागू मोठ्यानं म्हणायची, "हाय, सोनी हाय," आणि हलक्या पायानं उतरायची.

असंच एकदा पावसाळ्यात ती वर बसली होती तेव्हा ती पोरगी भेटली. हर्षाली तिचं नाव. मूळची खोडदची, बागायतदाराची लेक, नोकरीला पुण्यात. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं डोंगर दाखवायला आणायची, त्यासाठी वाटा शोधत एकटीच हिंडत होती. पोरगी गोड बोलली, आजी आजी करत जवळ बसली, आपल्या डब्यातली पोळी दिली. हा ढीग कसला म्हणून विचारलं. भागूशी महिना महिना कोणी बोलत नव्हतं. तिला उमाळा आला. तिनं सगळं सांगितलं, देव, डहाळी, कोण गेलं ते कसं कळतं, सगळं. पोरीनं मोबाइलवर बोट दाबलं आणि म्हणाली, हे मी नकाशात टाकते, लोकांना कळायला पाहिजे. भागूला बरंच वाटलं. कुणाला वाटणार नाही?

त्या दिवाळीला गोरख आला. भागूचा एकुलता मुलगा, राजुरीत दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, बायको रत्ना, दोन खोल्यांचं घर. दर दिवाळीला तो एकच गोष्ट बोलायचा, आये, चल खाली. दर दिवाळीला भागू एकच उत्तर द्यायची, पलीकडं सोनी हाय तवर मी हालत न्हाई. या खेपेला त्याच्याकडं नवं उत्तर होतं. त्यानं सांगितलं, मावशी गेली भोसरीला. तिच्या पोरानं, कुंडलिकनं नेली. हिरडवाडीत आता कोणी नाही, मग तू हितं कुणासाठी बसलीस?

भागूनं पोराकडं बघितलं. पोर लहानपणी खोटं बोलायचं तेव्हा कान खाजवायचं. आत्ताही खाजवत होतं. गोचीड असेल, मळ असेल, कानाला काय, तो कशानंही खाजतो. पण आईला वाटायचं ते वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराची डहाळी घेऊन ती चढली. ढिगावर हिरडा होता. ताजा, पानांवर अजून दव. एक नाही, चांगल्या चार-पाच डहाळ्या. सोनीला बरं दिसतंय, तिला वाटलं, येऊन येऊन ठेवतेय माझी बहीण. खाली येऊन तिनं गोरखला पिठलं वाढलं आणि सांगितलं, भोसरीत बसून खिंडीत डहाळी ठेवता येती का रं?

गोरख म्हणाला, फोनवर बोलणं करून देतो. वाडीत रेंज नाही. खिंडीत रेंज येते, चल वर. भागू म्हणाली, मला सोनीचा आवाज नको ऐकवू, कुणाचाबी आवाज काढतील त्यात. तिचा देव तिच्याशी खोटं बोलणार नव्हता. पोराचं तिला सांगता येत नव्हतं.

तो गेला. मग लांबलचक हिवाळा आणि त्याहून लांब उन्हाळा. खालच्या गावचा सावळाराम महिन्यातून एकदा मीठ-तेल आणून द्यायचा आणि ओट्यावर न बसता परत जायचा. बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलतं. भागू भांड्यांशीही बोलेनाशी झाली. ती फक्त खिंडीत बोलायची, तेही तीनच शब्द. हाय, सोनी हाय. हिरडा कधी चुकला नाही. उलट वाढतच गेला.

ऐन आषाढात, वाटेवर चिखल आणि घरात धूर असताना गोरख पुन्हा आला. भिजलेला. डोक्याचे केस काढलेले नव्हते, पण तोंड सुतकी होतं. ओट्यावरच उभं राहून त्यानं सांगितलं की मावशी गेली. या वेळी भोसरीला नाही. गेली. तो स्वतः पोचवायला गेला होता. शेवटी शेवटी ती भागीला बोलवा म्हणत होती. त्यानं पाणी तापवायला घेतलं. नात्यातलं माणूस गेल्याचं कानावर आलं की अंगावरून पाणी घ्यायचं असतं. सख्ख्या बहिणीची आंघोळ. त्यानं घंगाळ दारात ठेवलं आणि म्हणाला, आये, ऊठ.

भागू उठली नाही. ती चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली आणि मग जे बोलली ते कुठल्याही आईनं बोलू नये.

"मला खाली न्यायला मावशीला मारलीस व्हय रं?"

 तंबाखूच्या चंचीत तिचा हात रोज जातो हे गोरखला माहीत होतं, म्हणून आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यानं तिच्या चंचीत कोंबली आणि पाणी न पिता पावसात उतरून गेला. घंगाळातलं पाणी निवलं. भागूनं ते उंबराला घातलं.

मनातून ती हलली होती, नाही असं नाही. पाऊस उघडला, गणपती गेले, पायाखालची वाट वाळली, तशी ती पहिल्यांदा खिंडीत गेली. जीव मुठीत धरून. आणि बघते तर ढीग केवढा! छातीएवढा. सगळा हिरडा. वरचा थर तर सकाळचाच. ती तिथंच बसली आणि रडली, आनंदानं. मेलेली बाई डहाळी ठेवते काय? मग पोराचा राग आला, असा आला की घरी येऊन तिनं त्याचा जुना सदरा चुलीत घातला.

गोरख दिवाळीला आला नाही. पहिल्यांदा.

आता कोणीही शहाणा विचारेल, म्हातारे, एका म्हाताऱ्या बहिणीनं छातीएवढा हिरडा कसा वाहिला? तुला एवढंही कळू नये? शहाण्यांनी अशा घरात एक पावसाळा काढून दाखवावा. वाडीत एकटं माणूस असलं की ते हिशेब करत नाही, ते मान्य करतं. आणि भागूच्या जन्माची खूणगाठ अशी की दारची असल्याशिवाय डहाळी तिथं पडतच नाही. खिंडीतलं झाड कोणी ओरबाडेल हे तिच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. ते झाड हिरड्याचंच होतं, पण पलीकडच्या उतारावर, कड्याच्या जरा खाली. तिकडं उतरायला गुडघे नव्हते आणि ढिगापाशी बसून ते दिसायचं नाही.

पौषातला रविवार होता. उन्हं तापायच्या आत भागू चढली होती, कमरेला उंबराची डहाळी खोचलेली. ढिगाला टेकून तंबाखू मळत होती तेवढ्यात पलीकडून माणसांचा गलका आला. रंगीत टोप्या, पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, त्याही विकतच्या. वीस-पंचवीस तरी असतील. पलीकडच्या डोंगराची अर्धी वाट आता गाड्या चढत होत्या आणि उरलेली ते चालत. पुढं हर्षाली. कड्याखाली आल्यावर ती दिसेनाशी झाली, सगळ्यांना काहीतरी सांगतानाचा आवाज तेवढा वर येत होता. मग कडाकडा आवाज आला. ओला फांदा मोडल्याचा आवाज डोंगरातल्या बाईला झोपेतही कळतो.

एकेक जण वर आला. प्रत्येकाच्या हातात हिरड्याची डहाळी. प्रत्येकानं ती ढिगावर ठेवली, डोळे मिटले, काहीतरी मागितलं, मग दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. भागूच्या खांद्यावरून हात घालून ठेवत होते, ती दगडच असल्यासारखी. एक जण मोबाइलवरचं वाचून दाखवत होता. या जागेचं नाव व्हॅली व्ह्यू पॉइंट. इथल्या देवाला पान वाहा, इच्छा पूर्ण होते.

भागू उठली. गुडघ्यांना विचारलं नाही, तशीच कड्यापर्यंत गेली आणि खाली वाकून बघितलं. देवाचा हिरडा उभा होता. माणसाचा हात पोचेल तिथवर त्याला एक पान नव्हतं.

ती परत आली आणि ढीग उपसायला लागली. दोन्ही हातांनी. वरचा हिरवा थर फेकला, त्याखालचा पिवळा फेकला, त्याखालचा काळा पडलेला. धोंडे गडगडत गेले. गलका थांबला. टोपीवाल्यांतला एक पुढं आला, शिकलेला माणूस, आवाजात मायाही होती, म्हणाला, "आजी, असं मोडू नका. ही इथली जुनी परंपरा आहे."

भागूनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पण हर्षालीनं तिला ओळखलं. ती धावत आली, खाली बसली आणि विचारू लागली, आजी, काय झालं, काय शोधताय?

"दारची ठेवायची म्हणलं व्हतं मी तुला," भागू म्हणाली. हात थांबले नव्हते.

हर्षालीला आठवलं. तिचं तोंड उतरलं. मग ती खरं तेच बोलली, एवढं तिचं मानलं पाहिजे. "आमच्या दारात झाड नाही आजी. पार्किंग आहे."

"मग रिकाम्या हातानं यायचं."

 भागूचा हात तळाला गेला. तिथं, जुन्या मोठ्या धोंड्यांच्या फटीत, एक काटकी उलटी खोचलेली होती. पानं केव्हाच कुजून गेली होती, बुडखा तेवढा वर. त्याला चिंधी. माती झटकली तसा हिरवा रंग निघाला आणि त्यावर आंबा-कोयरीचा काठ. गोरखच्या लग्नात भागूनंच ते लुगडं सोनीला नेसवलं होतं. सोनीनं त्याचा काठ फाडला होता. फाडताना तिच्या जिवाचं काय झालं असेल ते तिलाच ठाऊक, ते लुगडं ती सणालासुद्धा जपून नेसायची. बुडखा उगवतीला झुकवलेला होता, पार आडवा होईस्तोवर. आंधळ्यालाही दिसावं म्हणून.

म्हणजे गोरख आला त्या दिवाळीच्या आधीच ती येऊन गेली होती. सगळं रीतसर सांगून गेली होती. आणि तिच्या सांगण्यावर लोकांनी आपल्या इच्छा रचल्या होत्या.

भागू कितीतरी वेळ ती चिंधी बोटाला गुंडाळत बसली. सोनी शेवटी तिला बोलवा म्हणत होती. पोरगा पावसात भिजत सांगायला आला होता. हर्षाली मोबाइल काढून पुटपुटत होती की मी हे सगळं काढून टाकते, आत्ताच्या आत्ता पुसते. भागू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ठेवणारी गेली, आता पुसून काय." मग तिनं चंची उघडली, तळातली चिठ्ठी काढली, तंबाखूनं तपकिरी झालेली, आणि पोरीपुढं धरली. "हितं लाव."

फोन लागला. पलीकडून गाडीचा आवाज आणि गोरख, कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारत. भागूला मोबाइल कुठल्या बाजूनं धरायचा ते कळेना. हर्षालीनं तो तिच्या कानाला लावला.

"गोरख," भागू म्हणाली. "सोनीची आंघोळ ऱ्हायलीय माजी."

पलीकडं गाडी बंद झाल्याचा आवाज आला.  मग त्यानं विचारलं, कुठं हायेस तू? तिनं सांगितलं, खिंडीत. तो म्हणाला, घरी जा, मी घोडेगावावरून येतो, रात होईल पण येतो.

"वाडीला नको येऊ. मी हिरडवाडीच्या अंगानं उतरते. जुन्नरकडनं तुला जवळ पडंल."

हर्षालीनं मोबाइल परत घेतला आणि हिरडवाडी शोधायला लागली. आम्ही येतो तो रस्ता दुसऱ्या सोंडेनं आहे, ती म्हणाली, या बाजूनं खाली वाटच दाखवत नाही आजी, तुम्ही आमच्याबरोबर गाडीतून चला, मी सोडते. ती मनापासून म्हणत होती. भागू म्हणाली, दाखवत नसंल, पण हाय.

कमरेची उंबराची डहाळी तिनं काढली. लुगड्याच्या पदराचा काठ दातात धरून फाडला. सोनीची काटकी होती तिथंच ठेवली आणि शेजारच्या फटीत आपली उलटी खोचली, बुडखा उगवतीला. एका मुलीनं फोटोसाठी हात उचलला होता, हर्षालीनं तो खाली दाबला. ढीग पुन्हा रचायला भागू थांबली नाही. तो रचायला आता माणसं पुष्कळ होती. तिची चिंधी वाचणारं मात्र मागं कोणी नव्हतं, आणि हे तिला चिंधी बांधतानाच माहीत होतं.

उतार तिनं बसून उतरला. ढुंगणावर घसरत, मुळ्या धरत, गुडघ्यांना शिव्या घालत. हिरडवाडीत सगळी घरं कुलपात. सोनीच्या ओट्यावर वाळलेली पानं साचली होती. घरामागं झरा होता, त्यात पौषाचं पाणी. भागू लुगड्यासकट त्यात बसली. ओंजळीनं डोक्यावरून पाणी घेतलं, बहिणीचं नाव घेतलं, थंडीनं दातावर दात आपटत राहिले. या पाण्याला सहा महिने उशीर झाला होता, आणि उशिरा घेतलेलं पाणी मेलेल्याला पोचतं की नाही, हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं.

मग ती ओट्यावर उन्हात येऊन बसली. ओली. गोरखच्या गाडीला अजून अवकाश होता. सोनीच्या दारातला हिरडा शेंड्यापासून बुडापर्यंत पानांनी भरलेला होता. त्याला कोणाचाही हात लागला नव्हता.

ती त्याच्याकडं बघत बसली.